नखीचा ‘टक्क’ राहतो, तंबोरा गायब होतो: मिरजेचं मानांकन, तुमची गिटार आणि फोनमधलं ‘नॉइज रिमूव्ह’

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण सगळे जीआय टॅग म्हणतो. सतारीची नोंदणी मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या नावावर आहे, तंबोऱ्याची सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्मच्या. आमच्याकडे ही बातमी बरेच दिवस स्टेटसवर फिरत होती, आणि फिरायलाच हवी होती.

पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मानांकन वाद्याला मिळालं, हे ठीक. पण ते वाद्य बहुतेक लोक ऐकणार कुठे? फोनवर. पुण्यातला, बंगळुरूतला किंवा पार अमेरिकेतला गिऱ्हाईक सतारमेकर गल्लीत पाय ठेवण्याआधी व्हिडिओ मागवतो. आणि फोनवर येणाऱ्या अशा कितीतरी क्लिपमध्ये दोन दोष पुन्हा पुन्हा ऐकू येतात. नखीचा ‘टक्क’ सुरापेक्षा मोठा येतो, आणि मागचा तंबोरा पाण्यात बुडाल्यासारखा वाटतो.

आता दुसरीकडची तक्रार. इलेक्ट्रिक गिटार फोनला जोडून, अ‍ॅपमधले इफेक्ट लावून वाजवणारी मुलं आमच्या मिरज-सांगलीत आता भरपूर आहेत. कारण साधं आहे, अ‍ॅम्प आणि पेडल घेण्यापेक्षा एक छोटा इंटरफेस घेऊन अ‍ॅप वापरणं कितीतरी स्वस्त पडतं. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: ‘पिकचा टक-टक आवाज जातच नाही. नॉइज रिमूव्ह लावलं तर टक-टक तसाच राहिला, उलट नोटच खराब झाली.’

माझं म्हणणं असं आहे की सतारवाल्यांची आणि गिटारवाल्यांची ही तक्रार एकच आहे, आणि दोघंही उपाय चुकीच्या टोकाला शोधतायत. ‘टक्क’ शेवटी पुसून टाकायची गोष्ट नाही. तो हातात आणि तारेवर कमी करायचा असतो, उरलेला इफेक्टच्या साखळीत योग्य जागी अडवायचा असतो. शेवटच्या बटणाला ते काम जमत नाही, आणि का जमत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

टक्क येतो कुठून?

तार छेडताना तीन गोष्टी होतात. पिक तारेला टेकतं, तारेला ओढतं, आणि तार सुटते. सूर सुरू होतो तो तार सुटल्यावर. टक्क त्याच्या आधीचा आणि सुटण्याच्या क्षणाचा. तार आधीपासून कंप पावत असेल तर पिक टेकताच ती पिकवर आपटते, म्हणून पटापट वाजवताना हा आवाज वाढतो. गिटारच्या जाड तारांवर बारीक तारेचा वेढा असतो. पिकची कड त्या वेढ्यावरून घासत गेली की ‘चर्र’ होतं, तो वेगळा. दोन्हींना आपण पिक नॉइज म्हणतो, पण उपाय वेगवेगळे आहेत.

हा सगळा प्रकार काही मिलिसेकंदांचा. सूर दोन-चार सेकंद टिकतो, टक्क डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. मग तो एवढा का टोचतो? कारण त्याचा बराचसा भाग साधारण २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये पसरलेला असतो आणि आपला कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. बोलताना ट, त, क, स ही अक्षरं आपण त्याच पट्ट्यावरून ओळखतो. हे लक्षात ठेवा, पुढे नॉइज रिमूव्हकडे जाताना लागेल.

आता एक प्रश्न पडायला हवा. गिटार तर कित्येक दशकं वाजतेय, मग जुन्या वादकांना हा त्रास का नव्हता? त्यांनाही होता, पण त्यांच्या अ‍ॅम्पमध्ये बारा इंची कागदी कोनचा स्पीकर होता. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. म्हणजे अ‍ॅम्प आवाज मोठा करता करता टक्क गाळतही होता. तुम्ही गिटार थेट फोनला जोडता तेव्हा ती गाळणी निघून जाते. मग हेडफोनमध्ये तारेचा प्रत्येक ओरखडा जसाच्या तसा येतो.

म्हणून पिकच्या आवाजाबद्दल कोणी मला विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो: अ‍ॅपमध्ये ‘कॅब’ चालू आहे का? कॅब म्हणजे कॅबिनेट, म्हणजे त्या स्पीकरच्या खोक्याची डिजिटल नक्कल. कित्येक जण नवीन प्रीसेट बनवताना डिस्टॉर्शन, डिले, रिव्हर्ब सगळं लावतात आणि कॅब रिकामा ठेवतात. तो लावला की अर्धं दुखणं तिथेच संपतं. तरी उरलं तर इक्वलायझरमध्ये हाय-कट ६-७ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. गिटारच्या सुराचं त्याच्या वर फारसं काही नसतं.

एक गंमत मात्र आधी तपासून घ्या. इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पशिवायही थोडी वाजते. हेडफोनचा आवाज कमी असेल तर पिकचा खोलीतला खरा टक्क तुमच्या कानात थेट येतो आणि तो रेकॉर्डिंगमध्ये आहे असं वाटतं. ब्लूटूथ हेडफोन असतील तर आणखी घोळ, कारण सूर उशिरा येतो आणि टक्क वेळेवर, त्यामुळे दोन्ही सुटे सुटे ऐकू येतात. वायरचे हेडफोन लावा, दहा सेकंद रेकॉर्ड करा, गिटार खाली ठेवा आणि मग ऐका. जे तेव्हा ऐकू येईल तेवढाच तुमचा प्रश्न. रीलसाठी फोनच्याच माइकवर आवाज घेत असाल तर मात्र खोलीतला टक्क रेकॉर्डिंगमध्ये जाणारच. तिथे एकच उपाय: आवाज इंटरफेसमधून वेगळा घ्यायचा, व्हिडिओ वेगळा, आणि एडिट करताना दोन्ही जुळवायचे.

मिरजेतला कारागीर काय करतो?

इथे गिटार जरा बाजूला ठेवू. मिरजेत ही वाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम कमी होत गेलं आणि फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-पंढरपूर भागातून. वाद्य घडवायला खूप दिवस जातात, पण आवाजाचा निकाल लागतो तो शेवटच्या टप्प्यावर, जवारी काढताना.

जवारी म्हणजे काय? तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा गिटारसारखा टोकदार नसतो. तो रुंद आणि किंचित उतरता असतो. तार कंप पावते तशी त्या उतारावर हलकी हलकी टेकत राहते, आणि त्यातून तो झणझणीत, उघडा आवाज येतो. उतार कानसने किती घासायचा याचं मोजमाप कागदावर नसतं. घासा, तार चढवा, ऐका, पुन्हा उतरवा. तंबोऱ्यात तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी नेमकी बसवतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबर मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे संगीत सभा होते. तंबोऱ्याच्या जवारीबद्दल त्यांचा कान किती काटेकोर होता हे इथे अजून सांगितलं जातं.

यात विज्ञान काय आहे, हे सी. व्ही. रामन यांनी दाखवलं. नोबेल मिळायच्या कितीतरी आधी, १९२१ मध्ये, त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. जुना नियम असा की तार ज्या ठिकाणी छेडाल, तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल तो स्वरांश ऐकूच येणार नाही. म्हणजे तार लांबीच्या एक-पंचमांश अंतरावर छेडली तर पाचवा स्वरांश गायब. रामन यांना दिसलं की तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात. जो स्वरांश नसायला हवा तो स्पष्ट ऐकू येतो. कारण ती रुंद घोडी. तार तिच्यावर टेकत असल्यामुळे कंपनाची ऊर्जा वरच्या स्वरांशांमध्ये वाटली जाते.

गिटारवाल्यांनी या निबंधातून दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली: गिटारवर तो जुना नियम बऱ्यापैकी चालतो, म्हणून छेडण्याची जागा हाच तुमचा फुकटातला इक्वलायझर आहे. घोडीजवळ छेडलं की वरचे स्वरांश वाढतात, टक्कही टोचतो. दोन बोटं मानेकडे सरका, लगेच फरक पडेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सतारीचा आणि तंबोऱ्याचा जीव ज्या वरच्या पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात नखीचा टक्कही आहे. त्यामुळे गिटारवर जो हाय-कट मी आत्ता बिनधास्त सुचवला, तोच मिरजेच्या सतारीवर लावला तर टक्कबरोबर जवारीही जाईल. मग जे उरेल ते कुठल्याही गावचं वाद्य वाटेल.

(गिटारवाल्यांनाही ही जवारी हवी असते, बरं का. १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल इलेक्ट्रिक सितार नावाची गिटार निघाली, तिची घोडी मुद्दाम रुंद ठेवली होती, तार झणझणावी म्हणून. आज सतारीच्या आवाजाचा इफेक्ट पेडलमध्येही मिळतो. एकाचा नॉइज तो दुसऱ्याचा इफेक्ट.)

आधी हात, मग अ‍ॅप

पिकपासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात स्वस्त भाग आहे. अर्ध्या मिलिमीटरचं पातळ पिक वाजवताना लवतं आणि सुटताना स्वतःच ‘फट’ करतं. नवशिक्यांना दुकानात हेच हातात देतात, कारण त्याने कॉर्ड सोपे जातात. ०.८८ किंवा १ मिलिमीटरचं, गोलसर टोकाचं पिक घेऊन बघा. टोक झिजून खरखरीत झालं असेल तर टाकून द्या किंवा जीन्सच्या कापडावर घासून गुळगुळीत करा. डेलरिन नावाचं एक प्लास्टिक पिकसाठी वापरतात, आणि गंमत म्हणजे हल्ली काही सतारींच्या घोडीचा माथाही हाडाऐवजी डेलरिनचा असतो. दोन्हीकडे कारण एकच, गुळगुळीत राहतं आणि सावकाश झिजतं.

पिकचा कोन हा सौदा आहे. तिरकं धरलं तर टक्क मऊ होतो, पण जाड तारांवर चर्र वाढते. सपाट धरलं तर उलट. त्यामुळे तुमचा त्रास टक्कचा आहे की चर्रचा, हे आधी ठरवा आणि मग कोन बदला. पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर छेडण्याचा झटका भसकन मोठा येतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून दोन-तीन मिलिमीटर अंतर आहे का बघा, नसेल तर स्क्रू फिरवून पिकअप खाली घ्या. आणि गिटारवरचं टोनचं बटण दहावरच ठेवायचं असतं असा कुठेही नियम नाही. सातवर आणा, ऐका.

सतारीवर नखी पोलादी तारेची असते आणि पोलादी तारेवर आपटते, म्हणून तिथे टक्क आणखी धारदार. त्यातून सतारीला चिकटवायचा पिकअप बहुतेक वेळा पिएझो असतो. तो चुंबकीय पिकअपसारखा फक्त तारेची हालचाल बघत नाही, लाकडाचा प्रत्येक धक्का घेतो, बोट लागलं तरी घेतो. पिकअपची जागा चार बोटं इकडे-तिकडे केली तरी टक्क आणि सुराचं प्रमाण बदलतं. अ‍ॅप उघडण्याआधी दहा मिनिटं या कामाला द्या.

आता रेकॉर्डिंगची पातळी. मीटरवर सरासरी बघून गेन लावला तर सूर बरोबर बसतो आणि टक्क वर जाऊन कापला जातो, कारण टक्क हाच सगळ्यात उंच शेंडा असतो. डिजिटलमध्ये शेंडा कापला गेला की तो ‘टक्क’चा ‘तडक’ होतो आणि मग कुठल्याही इफेक्टने परत येत नाही. सगळ्यात जोरदार फटका मारून गेन लावा आणि वर १०-१२ डेसिबल मोकळे सोडा.

इफेक्टची साखळी: कोण टक्क वाढवतो?

सगळ्यात मोठा गैरसमज नॉइज गेटचा. नाव ऐकून वाटतं हा नॉइज अडवेल. गेट म्हणजे दार. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की बंद, वर गेला की उघडं. तुम्ही वाजवत नसताना येणारी घूं-घूं तो अडवतो आणि छान अडवतो. पण टक्क येतो नेमका नोट सुरू होताना. टक्क आला म्हणूनच दार उघडतं! त्यामुळे पिकच्या आवाजासाठी गेटचं बटण पिळत बसू नका. फार पिळलं तर नोटची शेपटी तुटते आणि टक्क एकटाच उठून दिसतो.

कॉम्प्रेसर वाढवतोही आणि कमीही करतो. सगळं त्याच्या ‘अटॅक’ नावाच्या वेळेवर आहे. अटॅक ३० मिलिसेकंद म्हणजे कॉम्प्रेसर जागा होईपर्यंत टक्क निघून गेलेला असतो. मग तो मागचा सूर दाबतो आणि सगळ्याचीच पातळी वर उचलतो. परिणाम: टक्क पूर्वीपेक्षा मोठा. कित्येक तयार प्रीसेटमध्ये ‘पंच’ यावा म्हणून अटॅक असा सावकाश ठेवलेला असतो. तो १ ते ५ मिलिसेकंदांवर आणा. फार कमी केला तर नोट मेल्यासारखी वाटेल, म्हणून कानाने ठरवा.

डिस्टॉर्शनची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते, कारण इथे आवाज खरोखर ‘डिजिटल’ म्हणून बिघडतो. डिस्टॉर्शन कुठल्याही आवाजाचे तिप्पट, पाचपट स्वरांश तयार करतं. तुमचं अ‍ॅप सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असेल तर त्यात २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. आता टक्कमधला १० किलोहर्ट्झचा एक तुकडा घ्या. त्याचा तिप्पट स्वरांश ३० किलोहर्ट्झ. तो मावत नाही, पण नाहीसाही होत नाही. तो घडी पडल्यासारखा परत खाली येतो, ४४.१ वजा ३०, म्हणजे १४.१ किलोहर्ट्झवर. हा आवाज तुमच्या सुराशी कुठल्याच नात्यात बसत नाही. स्वस्त अ‍ॅपमध्ये गेन वाढवला की टक्कला जी काचेसारखी किरकिर चिकटते, तिचं एक मोठं कारण हे. चांगल्या अ‍ॅपमध्ये ‘ओव्हरसॅम्पलिंग’ नावाची सेटिंग असते, ती हेच टाळण्यासाठी. चालू करा, फोन थोडा जास्त तापेल आणि बॅटरी खाईल, एवढीच किंमत. सेटिंग नसेल तर डिस्टॉर्शनच्या आधी वरचा पट्टा थोडा कापा. आधी, हा शब्द महत्त्वाचा. जे आत गेलंच नाही त्याची घडी पडणार नाही. नंतर कापून उपयोग अर्धाच.

डिलेबद्दल फार सांगायला नको. एक टक्क गेला तर त्याचे पाच टक्क होऊन परत येतात. डिलेमध्ये ‘टोन’ किंवा ‘हाय-कट’ असतो, तो प्रत्येक प्रतिध्वनीला आणखी मऊ करतो. तो वापरा.

आणि सतारीसाठी, जिथे मी हाय-कट नको म्हणालो? तिथे डी-एसर वापरा. हे गायकांच्या टोचणाऱ्या ‘स’साठी बनवलेलं साधन आहे. ठरावीक पट्टा, समजा ३ ते ६ किलोहर्ट्झ, फक्त तेव्हाच दाबायचा जेव्हा तिथे अचानक उसळी येते. उसळी गेली की हात काढून घ्यायचा. नखीचा टक्क म्हणजे अशीच क्षणाची उसळी, आणि जवारी मागून सावकाश फुलते. त्यामुळे नीट लावला तर टक्क दबतो आणि जवारी वाचते. दोन-तीन डेसिबलपेक्षा जास्त दाबू नका. वाजवणाऱ्याचा दा आणि रा वेगळा ऐकू यायला हवा, तो टक्कमुळेच येतो.

मग ‘नॉइज रिमूव्ह’ उलटं का वागतं?

आता मूळ प्रश्नावर येऊ. फोनमधली, कॉलिंग अ‍ॅपमधली आणि एडिटिंग अ‍ॅपमधली आवाज साफ करणारी बटणं बहुतेक करून माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली आहेत. यातली एक मूळ पद्धत १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी मांडली. कल्पना सोपी: पंखा, एसी, गाडीचं इंजिन हे आवाज एकसारखे चालू राहतात, बोलणं सारखं बदलतं. म्हणून जे एकसारखं आहे त्याचा अंदाज घ्यायचा आणि ते वजा करायचं.

आता सांगा, एकसारखं चालू राहणारं, न बदलणारं, मागे भरून राहणारं असं तंबोऱ्याइतकं दुसरं काय आहे? तंबोऱ्याचं कामच ते. म्हणून पंख्याला जो न्याय, तोच तंबोऱ्याला. आणि टक्क? तो क्षणात येतो, क्षणात जातो, ट-त-क च्या पट्ट्यात असतो. बटणाला तो बोलण्यातल्या व्यंजनासारखा वाटतो, म्हणून सांभाळून ठेवतं. सूर नॉइज ठरतो आणि नॉइज सूर ठरतो. सतारीच्या त्या क्लिप अशाच तयार होतात.

नव्या एआय पद्धती जास्त हुशार आहेत, त्यांना कीबोर्डची टकटक वगैरे काढायला शिकवलेलं असतं. पण मग पिकचा टक्कही कीबोर्डचा समजून काढला जातो आणि त्याच्यासोबत नोटची सुरुवात. सूर कुठूनतरी हवेतून उगवल्यासारखा येतो. माझ्या मते हे पहिल्यापेक्षा वाईट, कारण ऐकणाऱ्याला काय बिघडलंय ते कळतही नाही. त्याला फक्त वादक कच्चा वाटतो.

कंपन्यांना हे माहीत नाही असं नाही. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सेटिंग त्यासाठीच आली. आयफोनमध्ये २०२१ च्या आयओएस १५ पासून कॉलसाठी माइकचे मोड आहेत. त्यातला ‘व्हॉइस आयसोलेशन’ वाद्यासाठी अजिबात नको, ‘वाइड स्पेक्ट्रम’ हवा. अँड्रॉइडमध्ये ७.० पासून अ‍ॅपला प्रक्रिया न केलेला आवाज मागता येतो, पण तो मागायचा की नाही हे अ‍ॅप बनवणारा ठरवतो आणि फोन ते देतो की नाही हे फोनवर अवलंबून. त्यामुळे एकाच अ‍ॅपमध्ये तुमच्या फोनवर तंबोरा टिकतो आणि मित्राच्या फोनवर जातो. साध्या फोन कॉलवर तर विचारूच नका. जुना कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेतो, व्होल्टीवरचा एचडी कॉल साधारण ७ किलोहर्ट्झपर्यंत. जुन्या कॉलमध्ये जवारीचा वरचा भाग रस्त्यातच गळतो.

मानांकन आणि माइक

इलेक्ट्रॉनिक तंबोरा चाळीस वर्षांहून अधिक काळ बाजारात आहे, आता तो फुकट अ‍ॅपमध्येही आहे. क्लासला जाणारा मुलगा तेच वापरतो आणि त्यात चूक काही नाही. पण मिरजेच्या कारागिराचा माल विकला जायचा असेल तर खऱ्या तंबोऱ्यात जास्त काय आहे, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. तो फरक जवारीत आहे. आणि व्हिडिओत जवारीच गाळली गेली तर हजारो रुपयांचा तंबोरा आणि फुकट अ‍ॅप फोनच्या स्पीकरवर सारखेच वाटतात, कधी कधी अ‍ॅप बरं वाटतं, कारण त्याचा आवाज माइकमधून जातच नाही.

जीआय टॅग याला काही करू शकत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे तो नाव वाचवतो, दुसऱ्या गावचं वाद्य मिरजेचं म्हणून विकायला अडवतो, दर दहा वर्षांनी नूतनीकरण होतं. नोंदणी वाद्याची आहे. ते वाद्य फोनच्या माइकमधून पलीकडे कसं पोचतं, हे कायद्याच्या बाहेरचं आहे, आणि ते काम ज्यांच्या हातात फोन आहे त्यांनाच करावं लागेल. सतारमेकर गल्लीत आता बऱ्याच घरांत व्हिडिओ काढायचं काम कॉलेजात जाणारी मुलंच करतात, म्हणून हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

तुम्ही सतार किंवा तंबोरा फोनवर पाहून विकत घेणार असाल, किंवा कोणासाठी तसा व्हिडिओ काढणार असाल, तर एवढं करा. कॉलवर ऐकून निर्णय घेऊ नका, रेकॉर्डिंग मागवा. ते साध्या रेकॉर्डर अ‍ॅपवर, साफसफाईची सगळी बटणं बंद ठेवून, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये करायला सांगा. पंखा बंद. फोन वाद्यापासून हातभर दूर, पण नखीच्या अगदी समोर नको, भोपळ्याच्या बाजूला थोडा कलता. आधी तंबोऱ्याची एकेक तार सुटी, पूर्ण विरेपर्यंत, मग चारही. सतार असेल तर एकच सूर हळू, मग जोरात, मग मींड. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट किंवा व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही. आणि ऐकताना हेडफोन वायरचे.